पाचवी

पाणी पडलं की घड्याळ सुरू होतं.
त्याआधी नुसती पोत्यातली राखाडी धूळ,
तिला वय नसतं.
मी वहीत लिहिते: शून्य तास, सकाळी नऊ सव्वीस,
डंडी, बाहेर टे नदीवर धुकं,
आत वीस अंश, ना वर ना खाली.

पहिले दोन-तीन तास काहीच घडत नाही.
उष्णतेचा आलेख पाहुण्यांसमोरच्या पोरासारखा
अंग चोरून पडून राहतो.
शोधनिबंधात याला सुप्तावस्था म्हणतात.
मर्डो म्हणतो, विचार करतंय ते.
मर्डो गेडिस, एकोणतीस वर्षं या लॅबचा टेक्निशियन,
मिक्सरच्या आवाजावरून पाणी किती पडलंय सांगतो
आणि चहात मात्र चार वेळा साखर घालतो, विसरून.

मग सुई सोडायची, दर दहा मिनिटांनी.
आधी ती तळ गाठते, लोण्यात शिरावी तशी,
मग तळाच्या थोडं अलीकडे अडते,
मग निम्म्यात,
शेवटी वर नुसता ठिपका.
"दोन दहा," मी सुई पहिल्यांदा अडते तेव्हा म्हणते.
मर्डोने कडेला अंगठा दाबून ते केव्हाच पाहिलेलं असतं.

हा अंगठा माझ्या ओळखीचा आहे.
बाबा स्लॅबची कंत्राटं घ्यायचे इस्लामपुरात,
आणि वॉचमनची बायको इंदुबाई पाणी मारायची,
मातीची आळी बांधून, सकाळ-संध्याकाळ,
पायाचा अंगठा टेकवून सांगायची,
"कच्चं हाय अजून. नाचू नगंस वर."
तिला रोज किती मिळायचे, मी कधी विचारलं नाही.
माझ्या प्रबंधाच्या संदर्भसूचीत
दोनशे सोळा नावं आहेत.

कपाटात प्लॅस्टिकची गुंडाळी आहे, तरी मर्डो
गोणपाटच भिजवतो, पिळतो, पांघरूण घालतो.
त्याची आजी इथल्याच तागाच्या गिरणीत होती.
मागांच्या खडखडाटात कान गेले,
घरीसुद्धा ती ओठांवरून ऐकायची.
गिरणीत आता फ्लॅट झालेत,
गोणपाट येतं बांगलादेशाहून,
तीन पौंडांना एक.

खरी परीक्षा रिंगची.
पोलादी कड्याभोवती मॉर्टर ओतायचं,
चोवीस तास ओलं ठेवायचं, मग उघडं टाकायचं.
आतून ते स्वतःचंच पाणी पिऊन आक्रसतं,
बाहेरून हवा शोषते,
आणि पोलाद काही हलू देत नाही.
अंगात बळ यायच्या आधीच
ताण अंगावर येतो. तरुण काँक्रीटचं सगळं दुखणं
एवढंच आहे, बाकी समीकरणं.

पाचव्या रात्री माझी पाळी होती.
मी मर्डोला सांगितलं, आमच्याकडे
बाळाच्या पाचवीला सटवाई येते,
पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात,
ती कपाळावर लिहून जाते.
"काय लिहिते?"
"कुणालाच वाचता येत नाही."
"मग आपल्या गेल्या वर्षीच्या रिपोर्टसारखंच," तो म्हणाला,
कोट चढवला, निघून गेला.
मी गंमत म्हणून वहीचं कोरं पान
रिंगजवळ उघडं ठेवलं. पेनही.

तीन एक्केचाळीसला स्क्रीनवरची रेघ
एकदम वर उडाली.
आवाज नाही, धूळ नाही.
बॅटरी घेऊन फिरले तेव्हा मागच्या बाजूला सापडली,
केसाहून बारीक, वरपासून खालपर्यंत.
शेजारची रिंग त्याच घाण्याची, त्याच वयाची,
त्याच हवेतली. शाबूत.
का, ते मी पानावर लिहायला बसले
आणि फक्त वेळ लिहिली.

सकाळी मर्डो आला, वाकून पाहिलं,
काही न बोलता बादलीत गोणपाट बुडवलं.
"आता कशाला?" मी म्हटलं. "फुटली ती."
"ही नाही," तो म्हणाला,
आणि टेबलावरच्या कालच्या क्यूबवर
ते अलगद पसरलं.
एक टोक लोंबत होतं.
थेंब थेंब फरशीवर पडत राहिलं पाणी.
मी वही उचलली, भिजू नये म्हणून.