गार पितळ

चाळीस वर्षं मी नळ्यांचे पोचे काढले.
क्रासलित्से गावात हेच चालतं: कुणी वाद्यं घडवतं,
कुणी दुरुस्त करतं, कुणी नुसतंच जोरात फुंकतं.
टूबा उलगडून सरळ केला तर पाच मीटरच्या वर भरतो.
गिऱ्हाइकांना सांगितलं की माना हलवतात आणि विसरतात.

म्हणून डॉक्टर ह्रूशकोवा कागदावर
माझं मोठं आतडं काढू लागल्या,
उजवीकडून वर, मग आडवं, डावीकडे खाली, मग एक लबाड वळण,
तेव्हा मी म्हणालो, बाई, हे मला कळतं. पोचा कुठाय?
त्यांनी पेन त्या वळणाच्याही खाली टेकवलं.
पोचा नाही, म्हणाल्या. आतून उगवलंय.

गावच्या डॉक्टरने तपासणीचं पाकीट दोनदा हातात दिलं होतं.
एक काडी, बोटाएवढी बाटली.
दोन्ही स्क्रूंच्या डब्याखाली सापडली, नंतर.
रक्त दिसलं तेव्हा मी स्वतःला मूळव्याध सांगितली
आणि द्राहोमीराला बीट.
ती काही बोलली नाही. बीट तिने आठवडाभर केलंच नव्हतं.

आधी किरणं, पाच आठवडे, पिल्सेनला.
मग सुरी.
रोगट तुकडा काढायचा, निरोगी टोकं जोडायची.
मी विचारलं, डाख कशाचा?
टायटेनियमच्या बारीक पिना, बाकी तुमचं शरीर बघेल.
सांधा धरेपर्यंत वाट वरूनच वळवायची, पोटावर, पिशवीत.
पटलं. ओल्या डाखेत मीही वारा फुंकत नाही.

सतरा गाठी तपासल्या. दोनांत होतं.
दोन.
मोजायला फार सोपा आकडा.

पोटावरचं ते तोंड गुलाबाच्या कळीसारखं, असं पुस्तिकेत होतं.
मला ते तुतारीवाल्याच्या ओठांसारखं दिसलं,
लाल, ओलं, फुंकण्याच्या तयारीत.
त्याला बोट लावलं तर दुखत नाही, तिथं जाणीवच नसते.
पण आवाज असतो.
इस्टरआधीच्या तालमीत, संथ भागानंतरच्या शांततेत
ते माझ्या सदऱ्याखालून स्पष्ट बोललं.
बँडमास्तर वळला. सगळे वळले.
ओताकार, पस्तीस वर्षं माझ्या शेजारी बसणारा,
स्वरलिपीवरून नजर न काढता म्हणाला,
सुरात होतं.

हसता हसता टाके ओढले. रडलोही असेन.

मग सलाईनचं औषध, दर पंधरवड्याला.
त्यांनी बजावलं होतं, गार टाळा.
फ्रिज उघडला की बोटांत खाजकुइली,
घोटभर पाणी घशात काचेसारखं.
पण जानेवारीतली कार्यशाळा म्हणजे काय?
भिंतीवर टांगलेलं नुसतं गार पितळ.
सवयीने एक कर्णा उचलला
आणि हातातून ठिणग्या निघाल्या.
पडला तो. चांगला मोठा पोचा.
चाळीस वर्षांत मी स्वतः पाडलेला पहिला.

आठव्या वेळेनंतर ते औषध थांबवलं.
ठिणग्या गेल्या. बोटंही गेली थोडी.
पिशवी गेली, आतडं पुन्हा जोडलं,
आता माझं पोट मला रात्रीतून चारदा उठवतं,
तान्ह्या पोरासारखं, आणि मीही त्याला तसंच समजावतो.
पण शेंड्यांना पितळ कळत नाही.
डोळ्यांना दिसतो तो पोचा काय पोचा!
खरा तो, जो फक्त बोटाला सांगतो.

म्हणून थुई आहे. एकोणीस वर्षांची.
आईबाप बाजाराच्या टोकाला दुकान चालवतात,
हनोईहून आलेले; ती इथेच जन्मली,
आमच्यासारखंच ओठ चावून शिव्या देते.
ओताकारलाही परवा तिनेच पाकीट नेऊन दिलं,
समोर उभी राहिली, म्हणाली, भरल्याशिवाय जाणार नाही.

मंगळवारी माझा स्कॅन आहे. तिसऱ्या वर्षाचा.
आज तिच्या हातात एक जुना फ्रेंच हॉर्न,
डोळे मिटलेले, बोट वळणावळणाने सरकतंय,
शेवटच्या वळणापाशी थांबलं.
मी श्वास धरला, उगाचच.

इथे काही नाही, ती म्हणाली.

पुन्हा बघ, म्हटलं.
हळू.