हवा

जेंटामायसिनची बाटली. लेबलवर: शुद्धता अठ्ठ्याण्णव टक्के.
तहसीननं तेवढंच वाचलं, तोललं, ओतलं,
आणि सकाळी प्लेटवर, जिथं काहीच उगवायचं नव्हतं,
टाचणीच्या डोक्याएवढ्या अकरा वसाहती.

"मॅडम, कंपनीनं फसवलं."

मी तिला खालची बारीक ओळ दाखवली:
मिलिग्रॅममागे सहाशे चाळीस मायक्रोग्रॅम.
उरलेलं सल्फेट, आणि पाणी.
भेसळ नव्हे गं. त्याला तसंच राहता येतं.

अप्पा लातूरच्या आडतीवर मुनीम होते.
सोयाबीनचा दाणा दाढेखाली धरायचे.
कट्ट वाजला तर, "दहा हवा."
नुसताच दबला तर, "चौदा हाय, उन्हात घाल की."
पुढं यंत्र आलं.
अप्पा आधी चावायचे, मग काट्याकडं बघायचे.
चुकले एकदाच. त्या आठवड्यात दाढ काढली होती.

माल खोटा नसतो, म्हणायचे,
वजनातलं पाणी वजा करायचं राहून जातं.

आम्ही दहाच्या जागी पंधरा पूर्णांक सहा तोललं.
"आणि हे झाकण सैल कुणी ठेवलं?"
तहसीन तराजूकडं बघत राहिली. मीही.
जुलैत मीच उघडली होती बाटली.

दुसऱ्या दिवशी प्लेट कोरी.
तिनं ती खिडकीशी नेली, उजेडात तिरकी धरली.
मला वाटलं, आता हसेल.
"मॅडम, औषधानं कोरी आहे,
की जिवाणू आधीच मेलेले होते?"

आत्ता कुठं चावलास दाणा.
जा, बिनऔषधाची प्लेट काढून आण.