उतारावरचं गवत

दोरी ओढते. एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा यंत्र खोकतं, माझ्यासारखंच,
आणि गप्प बसतं.
डाव्या खांद्याने मागच्या वर्षीच राजीनामा दिला,
उजवा अजून कामावर येतो,
पण उशिरा.

मिनेसोटातला मे महिना.
हिवाळाभर दाबून ठेवलेलं सगळं
गवताला एकदम बोलायचं असतं.
शनिवारी कापावं तर
बुधवारी पुन्हा घोट्याला लागतं.

हार्लन तिरप्या रेघा मारायचा,
एका आठवड्यात इकडून तिकडे,
पुढच्या आठवड्यात उलट,
कापून झालं की अंगणावर शाळकरी पोराचा
इस्त्रीचा शर्ट पसरल्यासारखं दिसायचं.
मी म्हणायचे, कोण बघतंय?
तो म्हणायचा, विमानं.

डँडेलियन तो जुन्या स्क्रूड्रायव्हरने मुळासकट काढायचा.
मी त्यांच्याशी तह केलाय:
दारापासून दहा पावलं माझी,
पुढचं तुम्ही बघा.

आता मी तीन हप्त्यांत कापते, कर्ज फेडावं तशी.
मेपलखाली घडीची खुर्ची आधीच मांडलेली,
अंडी उकडायचा कोंबडीच्या आकाराचा टायमर
एप्रनच्या खिशात टिकटिकत असतो.
वीस मिनिटं. मग खुर्ची. मग पाणी.
मग खुर्चीतून उठणं,
हे खरं तर वेगळं काम धरायला हवं.

कोरीन फोनवर म्हणते, आई, फ्लॅट बघू या का?
तिथे गवत दुसरं कुणीतरी कापतं.
मी म्हणते, बघू.
ती लहान असताना हा शब्द
मी तिच्यावर इतका वापरलाय
की त्याचा अर्थ तिला चांगला ठाऊक आहे.

जूनमध्ये नगरपालिकेचं पत्र आलं.
गवत आठ इंचांहून उंच. मुदत दहा दिवस.
मी शिवणाची टेप घेऊन उतारावर गेले,
गुडघे टेकले, म्हटलं उठायचं नंतर बघू.
नऊ. सव्वानऊ. एके ठिकाणी अकरा.
पत्र खरं होतं.
रागावायचीसुद्धा सोय ठेवली नव्हती.

उतार म्हणजे नाल्याकडचा तो तुकडा
जिथे दोन वर्षांपूर्वी पाय घसरला
आणि मी यंत्राचा दांडा सोडला नाही.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई,
स्टिअरिंग सोडायचं कसं,
हे कुणी शिकवलंच नव्हतं.

समोरच्या घरातला लिबान. वय तेरा, पाय सोळाचे.
कुंपणाशी उभा राहून दोरीकडेच बघत होता.
"मी ओढू?"
एका झटक्यात सुरू.
मला आनंद व्हायला हवा होता.
आधी जे झालं, त्याला वेगळं नाव आहे.

"किती घेशील?"
"आई म्हणाली, काही घ्यायचं नाही."
"आईला सांग, फुकटचं मला पचत नाही."
तो रस्ता ओलांडून गेला, परत आला, पुन्हा गेला.
शेवटी बारा डॉलर आणि परसातली रूबार्ब यावर मिटलं.
रूबार्बचं करायचं काय, हे होदानला सांगायला
मलाच जावं लागणार.

मी खुर्चीत बसले. टायमर लावला नाही.
त्याने सरळ कापलं, म्हणजे त्याच्या मते सरळ;
मध्येमध्ये गवताच्या शेंड्या राहिल्या,
पहिल्यांदा स्वतःच दाढी करणाऱ्याच्या गालावर राहतात तशा.
तिरपं काप, हे जिभेवर आलं होतं.
मी पाणी प्यायले.

उतारावर मात्र तो बकरीसारखा चढला, उतरला,
आणि नऊ, सव्वानऊ, अकरा
सगळं एका मापाचं झालं.

वरून एक विमान मिनिअ‍ॅपोलिसकडे चाललं होतं,
खाली उतरू लागलेलं, खिडक्या दिसाव्यात इतकं.
मी हात केला.
उजवा.
जरा उशिरा वर गेला,
पण गेला.