राजीखुशीने

खानापूर कोर्टाच्या मागे, झेरॉक्सवाल्याला लागून
माझं ऑफिस. एक टेबल, तीन खुर्च्या.
तिसरी इराप्पा टायपिस्टांची.
मोतीबिंदूनंतर ते टाईप करत नाहीत,
अकराला येतात, चहा घेतात,
आणि माझ्या लॅपटॉपकडे बघतात
शेजाऱ्याच्या जावयाकडे बघावं तसं.

आज शेवंता गुरव आल्यात, माहेरच्या बिर्जे,
जांबोटीकडून, दोन भावांच्या मधे बसून.
हक्कसोडपत्र.
मी नावं घालते, सर्व्हे नंबर, एकर, गुंठे,
आणि म्हणते, मसुदा दे.

ते विचारतं, कोणत्या भाषेत?

इथं हे इतक्या सहज कुणी विचारत नाही.
मी लिहिते, कन्नडमध्ये, नोंदणीसाठी,
आणि मराठीत, बाईंना वाचून दाखवायला.
ते म्हणतं, नक्कीच.
नक्कीच! या एका शब्दासाठी
इथं किती चपला झिजल्यात, त्याला काय ठाऊक.

चतुःसीमा येते.
दक्षिणेस लक्ष्मण बिर्जे यांची जमीन,
पश्चिमेस गाडीवाट,
पूर्वेस गाव.
इराप्पा चष्मा कपाळावर चढवतात.
"गाव कुठलं ओ मॅडम? हळ्ळ हाय तिथं. ओढा.
ह्यानं हळ्ळचं हळ्ळी केलं,
एका वेलांटीत ओढ्यात गाव वसवलं की."
मी चूक दाखवते. ते लगेच माफी मागतं.
या आवारात इतक्या लगेच माफी मागणारं
मी तरी कुणी पाहिलं नाही.

पुढचा मजकूर मात्र नितळ, खडा नसलेल्या तांदळासारखा.
कलमं जागच्या जागी, अल्पविरामसुद्धा.
माझे दोन तास वाचले, खोटं का बोलू.
आणि शेवटाकडे, पापणी लवायच्या आत:
मी, लिहून देणार, पूर्ण शुद्धीत,
कोणाच्याही दबावाशिवाय,
राजीखुशीने.

इराप्पांच्या टाईपरायटरचा ख अडकायचा.
राजी उमटलं की बोटानं दांडी सोडवायची,
तेवढ्यात ते मान वर करून विचारायचे,
अक्का, खरंच न्हवं?
बहुतेक जणी हो म्हणायच्या.
एक जण उठून गेली म्हणे, पंच्याण्णव सालात,
स्टँप पेपर तसाच मशीनमध्ये अडकलेला,
आणि तेव्हाच्या वकिलांनी आठवडाभर
इराप्पांना चहा पाजला नाही.

माझ्या मशीनचं काहीच अडकत नाही.

मी कर्सर नेऊन त्या शब्दावर ठेवते.
तो लुकलुकतो.
न विचारता चाललं असतं, कुणी हरकत घेतली नसती.
"शेवंताबाई, इथं लिहिलंय, राजीखुशीने."
धाकटा म्हणतो, "असूं दे की, समद्यांचं तसंच असतंय."

त्या पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळतात.
सोडतात. पुन्हा गुंडाळतात.
"राजी हाय मी," म्हणतात,
"खुशी कशाला घालूलासा त्यात?"

थोरला खिडकीबाहेर बघतो.
झेरॉक्सचा हिरवा उजेड भिंतीवरून सरकत जातो.
मी मशीनला विचारते, दुसरा शब्द आहे?
ते तीन देतं: स्वेच्छेने, संमतीने, मनापासून.
मी एकेक वाचून दाखवते.
स्वेच्छेनेचा अर्थ सांगावा लागतो.
संमतीनेला त्या गप्प.
मनापासूनला हसतात, तोंडावर पदर घेऊन,
आणि ते हसणं लवकर थांबत नाही.

इराप्पा आपला चहा बशीत ओततात,
बशी त्यांच्यापुढे सरकवतात.

सब-रजिस्ट्रार साडेचारला उठतात.
जांबोटीची बस पाचला.
प्रिंटर कधीचा तापून बसलाय,
आणि कर्सर तिथंच, राजीच्या पुढे,
हो का नाही, हो का नाही.