तडस

फेब्रुवारी. थंडर बेच्या खिडकीबाहेर उणे एकतीस,
आणि तळघरातल्या सॉनात जून महिना.
टाउनोचं हृदय बिघडल्यापासून तिथं वाफ नाही.
देवदारी फळ्यांवर मीच चंदेरी कागद ठोकला,
जिथं माझा भाऊ घाम गाळत बसायचा त्या बाकावर
चार कुंड्या मांडल्या. गांजाच्या. कायदा चारच म्हणतो.
रात्री त्याचे गुडघे कण्हतात, त्यासाठी.

मंगळवारी पहिल्यांदा दिसलं:
पानाच्या बोटाबोटाला तपकिरी नख,
इस्त्री विसरल्यावर कापड करपतं, तसं.

एकोणतीस वर्षं कागदगिरणीच्या प्रयोगशाळेत
मी लगद्याचं आम्ल मोजलं आहे.
मला अंदाज चालत नाहीत.

तेव्हा आधी पाणी. तलावाचं पाणी मऊ,
किटलीच्या तळाला चुन्याचा कण नाही. पाणी सुटलं.
मग हवा. भट्टी पेटली की इथं ओठसुद्धा फुटतात,
पण कोरड्या हवेनं पान कडेनं वळतं, होडीसारखं;
ही सपाट होती.
दिवा? दिव्यानं पोळलं तर वरची पोळतील,
इथं खालच्या, सावलीतल्यांनाही तेच नख.
पोटॅशची भूक असती
तर म्हाताऱ्या पानांची कडा आधी पिवळी पडली असती.
कडा हिरवीगार. नको तितकी हिरवीगार,
काळपट, मेणचट,
आणि टोकं खाली वाकलेली, ससाण्याच्या नखीसारखी.

हे झाड उपाशी नाही, एइला.
याला तडस लागली आहे.

कुंडीखाली ताटली ठेवली. वरून साधं पाणी ओतलं.
निथळून आलं ते चहाच्या रंगाचं. मोजलं.
आम्ल सहा पूर्णांक चार, ठीक.
क्षार तीन पूर्णांक आठ.
मीटर पुसला, पुन्हा बुडवला.
तीन पूर्णांक आठ.
कुंडीच्या काठावरची पांढरी पूड नखानं खरवडली.

पण मी तर दहा दिवसांनी एकदा घालते, तेही अर्धं झाकण!
वहीत तारखा आहेत. वहीला खोटं बोलायचं कारण नाही.
बाटलीला असेल.

गुरुवारी रात्री पावणेतीनला जिना करकरला.
लोकरी मोज्यांतली चोरपावलं.
मी कपड्यांच्या यंत्राआड उभी.
अंधारात त्याचा आवाज, फिनिशमध्ये,
आई गेल्यावर आम्ही दोघं जी एकमेकांशी बोललोच नाही त्या भाषेत:
खा बाळांनो, खा,
मागाहून कोणी विचारत नाही.
थरथरत्या हातानं झाकण भरत होता,
थोडं सांडत होतं, थोडं जास्तच पडत होतं.
धान्याच्या कोठारावर चौतीस वर्षं
गव्हानं जहाजं भरणारा माणूस.
झाकणानं मोजून देणं त्याच्या हाताला ठाऊकच नव्हतं.

मी दिवा लावला नाही.

शुक्रवारी तो डॉक्टरकडे गेला तेव्हा
बाटलीतलं खत बरणीत काढलं, बरणी लोणच्यांमागे ढकलली.
बाटलीत पाणी भरलं, रंगापुरती थंड कॉफी,
आणि झाकण जरा सैलच ठेवलं, त्याच्या बोटांसाठी.
मग चारही कुंड्यांतून पाणी जाऊ दिलं,
बादलीमागून बादली,
खालचा रंग उतरेपर्यंत. कंबर धरली.

करपलेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही.
पान गळेपर्यंत ते तसंच.
म्हणून जुन्यांना काही विचारू नये, नव्यांकडे बघावं.
तीन आठवडे मी नव्यांकडे बघत राहिले.

मार्चात आली, टोकापर्यंत कोवळी.
टाउनोनं चष्मा कपाळावर सरकवला,
एक पान उलटं करून पाहिलं.
बघ, म्हणाला, सुधारली. पोटभर मिळालं की...
आणि वाक्य तिथंच सोडलं.
मी म्हटलं, हं.

जिना चढताना तिसऱ्या पायरीवर तो थांबला,
एक हात कठड्यावर, पाठ माझ्याकडे.
एइला, ते खत हल्ली
जरा फिकट येतं का गं?