आठ मिनिटं वीस सेकंद

तुर्भ्याच्या कंपनीत माझं काम सोपं होतं.
काचेची पेटी, पन्नास माश्या, एक फवारा
आणि हातात स्टॉपवॉच.
निम्म्या माश्या उताण्या पडल्या की बटण दाबायचं,
वहीत आकडा मांडायचा.
आठ मिनिटं वीस सेकंद हा आमचा सगळ्यात चांगला आकडा.
त्या दिवशी साहेबांनी पेढे वाटले होते.

एकतीस वर्षं.
निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं,
स्टॉपवॉच मी न विचारता खिशात घालून आणलं.

आता कोपरखैरण्यात, रो-हाऊसच्या पुढ्यात
साडेचार फूट बाय नऊ माती आहे.
कुमुद तिला बाग म्हणते.
एक कढीपत्ता, एक ईडलिंबू, बिनबोलावता आलेली सदाफुली,
आणि वेलची म्हणून आणलेली, हळद निघालेली कुंडी.
पारसिकच्या डोंगरामागून ऊन इथवर यायला वेळ लागतो,
तोवर मी प्लॅस्टिकच्या स्टुलावर
चष्मा पुसून बसलेला असतो.

पहिल्यांदा वाटलं, चिमणी शिटली पानावर.
काडी लावली तर शीट चालायला लागली.
आठवड्याभरात तीच अळी हिरवी, गुबगुबीत,
कढीपत्त्याच्या डहाळीची नुसती शीर उरवणारी.
डिवचली की डोक्यातून लाल शिंगं काढते
आणि असा एक उग्र वास सोडते
की माझ्या नाकाला ओळख पटली:
अरे, ही तर आमच्याच धंद्यातली.

मीटरच्या पेटीवर कुंभारीण माशीने
बोराएवढं सुगड घातलंय, काठासकट.
ती कुठून तरी बारकी अळी पकडून आणते.
मारत नाही. नुसती बधिर करते,
पिल्लाला ताजं मिळावं म्हणून.
इतका नेमका डोस आम्हाला कधी साधला नाही.
हे मी कौतुकाने म्हणतोय की घाबरून,
अजून ठरत नाही.

दुसऱ्या शनिवारी असोसिएशनचा फवारणीवाला आला,
पाठीवर पंप, नाकावर रुमाल, रोशन नावाचा पोरगा.
म्हटलं, पुढच्या घरी जा, इथे मी कालच मारलंय.
कंपनीचं आहे, भारी.
तो गेटवरून वाकून हुंगला.
"वास नाही येत, काका."
"भारी मालाला वास नसतो," मी म्हणालो.
एकतीस वर्षांच्या नोकरीचा
एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला.
शेजारी तांडेलांच्या अंगणात त्याने मारलं.
संध्याकाळी त्यांच्या जास्वंदीखाली
एक सापसुरळी उलटी पडली होती.
मी किती वाजता पाहिली, ते लिहून ठेवलं नाही.

परवा उजाडता कोष काळवंडला,
आतल्या पंखांची नक्षी बाहेरून दिसायला लागली.
सवयीने स्टॉपवॉच सुरू केलं.
कोष फाटला, आणि ओलं, पोटाने जड असं काहीतरी
स्वतःच्याच सालीला लटकलं.
एक पंख हळूहळू उलगडला.
दुसरा तसाच, खिशात राहून धुतलेल्या नोटेसारखा.
आठ मिनिटं वीस सेकंद झाली. काही नाही.
वीस मिनिटं. काही नाही.
मग खोडावरून काळ्या मुंग्यांची ओळ वर निघाली,
मावा राखायचा सोडून,
त्यांना कुणी निरोप दिला कोण जाणे.

त्यांच्याशी माझं भांडण नाही.
त्यांनाही घर आहे, घरी खाणारी तोंडं आहेत.
तरी मी बोट पुढे केलं,
आणि ते चढलं.
वजन काहीच नाही, नुसती पकड,
सहा ठिकाणी.

आतून कुमुदने हाक मारली,
तेल तापलंय, दोन डहाळ्या दे कढीपत्त्याच्या.
घड्याळ मांडीवर चालूच होतं.
मी हललो नाही.
म्हटलं, आज मोहरीवर भागव.