गिरणीवाल्याचे सदतीस मृत्यू

आजवर मी त्याला सदतीस वेळा मारलं आहे.
कोयत्याने, विषाने,
एकदा नुसतं पुलावरून ढकलून.
ब्रनोत, स्व्रात्का नदीच्या अलीकडे,
तिसऱ्या मजल्यावर, हीटरला पाय टेकून
हेच माझं काम :
खेळणारा जे जे करू शकेल
ते ते त्याच्याआधी करून बघायचं.

बोहुस्लाव त्याचं नाव.
पाण्यावर चालणारी गिरणी, एक लंगडं गाढव, एक मुलगी.
त्याच्याशी बोललात तर रस्ता सांगतो.
नाही बोललात तरी बिघडत नाही,
डोंगर आहेत, गुहा आहेत, अख्खी दुनिया मोकळी आहे.
जाहिरातीत लिहिलंय तसंच :
कुठेही जा, काहीही करा.

त्या 'काहीही'ची यादी माझ्याकडे असते.
चौदाशे ओळींचा तक्ता.
गिरणीवाला मेला तर गावात पाव महागतो.
पाव महागला की पहारेकरी विनाकारण हटकतात.
गाढवाला कुणी घास घालत नाही, तिसऱ्या दिवशी ते
निघून जातं. कुठे, तो रकाना अजून रिकामा.
करावं तसं भरावं, म्हणतात.
इथे ते 'भरावं' कुणीतरी खरोखर भरत असतं,
रात्री साडेनऊला,
गार झालेल्या नूडल्सशेजारी बसून.

सदतिसाव्या वेळी मी पळाले नाही.
सगळे पळतात. मीही छत्तीस वेळा पळाले होते,
दागिने, किल्ली, पिठाची गोणी, आणि पळ.
या वेळी मारलं आणि तिथेच उभी राहिले.
खेळातली संध्याकाळ व्हायला अकरा मिनिटं लागतात.
मुलगी आली.
उंबऱ्यात तो पडलेला; तिने पाय जरा उंच उचलला
आणि आत गेली.
दोन ताटल्या मांडल्या.
म्हणाली, "बाबा येतीलच इतक्यात."

मी नोंद केली :
वडील मेल्याचं मुलीला कळत नाही. गंभीरता मध्यम.
ओत्मारचं उत्तर आलं : चूक नाही. राहू दे.
मी उठून त्याच्या टेबलाशी गेले.
तो संत्रं सोलत होता, साल तुटू न देता.
"कळतं तिला," म्हणाला.
"पाय उचलला ना."
आणि मारणाऱ्याला? त्याला काय होतं?
"थांबला तर दिसेल.
नाही थांबला तर पुढे डोंगर आहेतच की."
अर्धं संत्रं त्याने मला दिलं.

गेल्या एप्रिलमध्ये मी आईचं जंगलातलं
लाकडी घर विकलं.
त्स्तिबोरला, माझ्या भावाला, विचारलं नाही.
सही माझी एकटीची चालत होती.
काही झालं नाही. कुणी हटकलं नाही.
पावाचा भाव तोच, ट्राम वेळेवर,
नव्या मालकाने पैसे दिवसभरात पाठवले.
फक्त यंदा शरदात
वाळवलेल्या मश्रूमची बरणी आली नाही,
जी दरवर्षी येते,
झाकणाला रबर, आणि रबराखाली
त्याच्या घाणेरड्या अक्षरातली चिठ्ठी :
वाळू नीट धू.

मी फोन केला नाही. वाट पाहिली, असंही नाही.
विकलं आणि पळाले,
म्हणजे कामावर आले, गिरणीवाल्याला मारायला.

ओत्मारने तो गाढवाचा रकाना आता माझ्याकडे दिलाय.
शुक्रवारपर्यंत.
जंगलात लिहिलं तर लांडगे आहेत.
शेजाऱ्याच्या गोठ्यात लिहिलं तर
शेजाऱ्याला चार वाक्यं द्यावी लागतील,
आणि बजेट दोनाचं आहे.

बाहेर बर्फ पडून पडून काळं झालंय.
मी खेळ पुन्हा उघडला,
त्याला जिवंत ठेवला,
गिरणीमागे गेले.
गाढव उभं होतं. मी सफरचंद पुढे केलं,
त्याने खाल्लं. एवढंच येतं त्याला.
मग बराच वेळ
मी त्या रिकाम्या चौकोनात टिचकी मारून
नुसती बसून राहिले,
रेघ लुकलुकत होती.